साईटवरच्या तांत्रिक कामासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?

तारजोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कामाचा लॅपटॉप आता बदलावाच लागणार आहे. माझं काम म्हणजे पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा) आणि एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) यांचं कमिशनिंग, म्हणजे साईटवर सेट करून चालू करणं, मधूनमधून नेटवर्क स्विच आणि प्रोटेक्शन रिलेची (फॉल्ट आला की वीज तोडायला लावणारं उपकरण) सेटिंग्ज. निम्मा वेळ उघड्या पॅनेलसमोर उभं राहून जातो, उरलेला कधी यार्डात, कधी टाकीच्या माथ्यावर. टेबल-खुर्ची मिळाली तर तो दिवस चांगला.

तीन पर्याय डोक्यात आहेत. पहिला अतिशय पातळ, बॅटरी दिवसभर टिकणारा, एआरएम (मोबाईलमध्ये असतो त्या जातीच्या) प्रोसेसरचा. पण त्याला फक्त दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. दुसरा गेमिंग लॅपटॉप, ताकद भरपूर. तिसरा टफबुकच्या जातीचा, जाडजूड रग्ड, म्हणजे धूळ-पाणी-धक्के सोसणारा. परीक्षणं वाचून उपयोग होत नाही, कारण सगळे व्हिडिओ एडिटिंगचा वेग मोजतात. ड्राइव्हला केबल लावल्यावर पहिल्या झटक्यात कनेक्ट होतो का, हे कुणीच सांगत नाही.

जे रोज साईटवर असतात त्यांनी सांगावं: तुम्ही नेमकं काय बघून घेता?

रिलेखोली

प्रोसेसर शेवटी बघा. आधी एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात लॅपटॉपला जे जे जोडलं ते सगळं लिहून काढा. सिरियल केबल, नेटवर्क केबल, लायसन्सचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी किल्ली), प्रोग्रॅमिंग अडॅप्टर, मोबाईलचं टेदरिंग, माउस. एकाच वेळी यातलं काय काय लागतं, त्यावर खूण करा. तुमच्या कामात एका वेळी तीन-चार गोष्टी सहज लागत असणार. दोन पोर्टवाल्या पातळ मशीनमध्ये एक पोर्ट चार्जरला गेला की उरला एक, आणि त्यावर हब लोंबकळत ठेवायचा. पॅनेलसमोर उभं राहून काम करताना हबची केबल कोपरानं हलते आणि ड्राइव्हमध्ये फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) जाता जाता कनेक्शन तुटतं. मध्येच तुटलेलं फर्मवेअर परत चढेलच याची खात्री नसते.

इथरनेटचं आरजे-४५ पोर्ट मशीनमध्येच असू द्या. यूएसबीचं अडॅप्टर चालतं, मीही जवळ ठेवतो, पण ते दुसरं पोर्ट म्हणून: एक प्लांटच्या नेटवर्कला, दुसरं थेट ज्या उपकरणावर काम चाललंय त्याला. ट्विनकॅटसारख्या कंट्रोल सॉफ्टवेअरनं लॅपटॉपवरूनच रिअल-टाइम इथरकॅट (यंत्रांसाठीचं, वेळेला काटेकोर नेटवर्क) चालवायचं असेल तर यूएसबी अडॅप्टर विसरा. त्याला लागणारा रिअल-टाइम ड्रायव्हर मुख्यतः इंटेलच्या नेटवर्क चिपसाठी आहे. तुमच्याकडे असं काम असेल तर आत कोणती चिप आहे हे घेण्याआधी विचारा.

आता सिरियल. नऊ पिनांचं पोर्ट आजच्या साध्या लॅपटॉपमध्ये मिळत नाही, रग्डमध्ये अजून मिळतं. म्हणजे बहुतेकांच्या नशिबी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर. इथे घासाघीस करू नका. एफटीडीआय कंपनीची खरी चिप असलेला घ्या. नकली चिप बाजारात भरपूर आहेत. २०१४ साली एफटीडीआयच्याच ड्रायव्हरनं अशा नकली चिपचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला आणि कालपर्यंत चालणारे कन्व्हर्टर अपडेटनंतर अचानक दिसेनासे झाले. प्रॉलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीचे नवे ड्रायव्हरसुद्धा जुन्या चिप स्वीकारत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १० दिसला की बहुधा तेच कारण असतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर नावाचं सेटिंग आहे. मूळ किंमत १६ मिलिसेकंद. म्हणजे उपकरणानं दिलेलं छोटं उत्तर चिप तेवढा वेळ धरून ठेवू शकते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) मॉडबस आरटीयू या सिरियल प्रोटोकॉलमध्ये एक अक्षर साधारण १.१५ मिलिसेकंदात जातं, दोन संदेशांमधली शांतता साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांची. त्या मानानं १६ फार झाले. पोलिंग (उपकरणाला पुन्हा पुन्हा विचारणं) रखडतं, काही जुने प्रोग्रॅमिंग प्रोटोकॉल टाइमआउट देतात, आणि माणूस केबलला दोष देत बसतो. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १ करा.

मोजणीदार

रिलेखोलींना अनुमोदन. मी स्क्रीनबद्दल लिहितो, कारण माझं बहुतेक काम उघड्यावर.

साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निट्सची (निट्स म्हणजे चमकेचं माप) असते. ऑफिसात उजेड असतो ३०० ते ५०० लक्स, थेट उन्हात तो १ लाख लक्सच्या आसपास जातो. त्या उजेडात ३०० निट्सच्या चकचकीत स्क्रीनवर तुम्हाला तुमचा चेहरा दिसेल, लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) दिसणार नाही. सावलीत किंवा शेडखाली काम असेल तर ४०० ते ५०० निट्स आणि मॅट स्क्रीन पुरते. खऱ्या उन्हात वाचायचं तर १००० च्या पुढे जावं लागतं, आणि ते आकडे रग्डमध्येच दिसतात: टफबुक ४० ला १२००, गेटॅक बी३६० ला १४००.

पण चमक आणि बॅटरी एकमेकींच्या मुळावर असतात. पूर्ण उजेडात कंपनीनं सांगितलेले तास धरून चालू नका. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो डोळ्यांवर ठेवूनच स्क्रीन बघा, आडवी-उभी फिरवून. काही स्क्रीन एका कोनात पार काळ्या दिसतात.

अर्थबिंदू

या धाग्यात अर्थिंगचा विषय अजून आला नाही. लॅपटॉपचे पोर्ट सगळ्यात जास्त यानंच जळतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लॅपटॉप चार्जरवर आहे आणि सिरियल केबलनं पॅनेलला जोडला आहे, असं धरा. चार्जर तीन पिनांचा असेल तर बऱ्याच मशीनमध्ये लॅपटॉपचं ऋण टोक चार्जरमधून सॉकेटच्या अर्थला जोडलेलं असतं. पॅनेलचं अर्थ वेगळ्या ठिकाणचं. या दोन अर्थांमध्ये काही व्होल्टचा फरक असणं साईटवर नेहमीचंच. शेजारी वेल्डिंग चालू असेल, मोठे ड्राइव्ह चालू असतील किंवा कुठे फॉल्ट असेल तर फरक बराच वाढतो. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे नेहमीच्या सिरियल जोडणीत, दोन्ही बाजूंचा ग्राउंड एकाच तारेनं जोडलेला असतो, मध्ये आयसोलेशन (विजेची फारकत) नाही. मग तो सगळा फरक त्या बारीक तारेतून आणि तुमच्या पोर्टमधून वाट काढतो. आरएस-४८५ हा सिरियलचाच दुसरा प्रकार थोडं सोसतो, पण त्याचीही मर्यादा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढीच.

चार्जर दोन पिनांचा असेल तर अर्थचं हे वर्तुळ बनत नाही, पण दुसरा त्रास होतो. आतल्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपची बॉडी पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर तरंगते. करंट अगदी कमी, हाताला फक्त झिणझिण्या जाणवतात. पण केबल लावताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर तो झटका थेट चिपला बसतो.

त्यातच काही जुन्या पीएलसींचा प्रोग्रॅमिंग पोर्ट आतून आयसोलेटेड नसतो. सीमेन्सच्या एस७-२०० चा पोर्ट तसाच आहे. तिथे २४ व्होल्टच्या पुरवठ्याचं शून्य टोक भलत्याच पातळीवर असेल तर लॅपटॉप, केबल आणि सीपीयू तिन्ही एकदम जाऊ शकतात. इथरनेटला ट्रान्सफॉर्मर असतो, तो १५०० व्होल्टपर्यंतचं आयसोलेशन देतो, म्हणून ते सुरक्षित. मात्र शिल्डेड केबल वापरलीत तर शिल्डमधून तोच रस्ता पुन्हा उघडतो. तात्पुरत्या जोडणीला मी साधी, शिल्ड नसलेली पॅच केबल वापरतो.

याचा लॅपटॉप निवडण्याशी संबंध असा: सिरियल केबल लावलेली असताना चार्जर काढलेला असावा. म्हणजे बॅटरीवर तुमचं पूर्ण काम व्हायला हवं. गेमिंग मशीन इथेच बाद होतं. त्याचा चार्जर दोनशे वॅटच्या पुढचा असतो, आणि बॅटरीवर चालवलं तर ते ताकदही दाखवत नाही आणि तासही देत नाही. बॅटरीचे वॅट-अवर (किती ऊर्जा साठते ते) बघा, कंपनीनं छापलेले तास बघू नका. यूएसबी-सी पीडीवर (यूएसबीनंच जास्त वॅट देणारी पद्धत) चार्ज होणारं मशीन घेतलंत तर पॉवर बँकेवरून चालवता येतं. पॉवर बँक अर्थला कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे बॅटरी भरत असतानाही वर्तुळ बनत नाही. विमानानं जात असाल तर १०० वॅट-अवरच्या आतलीच घ्या, म्हणजे ३.७ व्होल्टला २७,००० एमएएच. त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी कायम हातातल्या बॅगेत ठेवावी लागते.

शिवाय आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, किंवा मध्ये लावायचा यूएसबी आयसोलेटर. आयसोलेटर घेताना वेग तपासा. स्वस्तातले बरेच १२ मेगाबिटला थांबतात. सिरियलला ते भरपूर झालं, पण ज्या प्रोग्रॅमिंग अडॅप्टरला हाय-स्पीड यूएसबी लागतं तो त्यातून चालणार नाही.

तारजोड (धागाकर्ता)

अर्थबिंदू, फार मोलाचं लिहिलंत. पॉवर बँकेचा असा उपयोग माझ्या डोक्यातही आला नव्हता. गेमिंग लॅपटॉप यादीतून काढला. एआरएमबद्दल कुणी सांगेल का? दिवसभर टिकणाऱ्या बॅटरीचा मोह सुटत नाही, आणि अर्थबिंदूंचं वाचून तो वाढलाच आहे.

जुनेप्रोजेक्ट

मोह सोडा. निदान तुमच्या कामासाठी तरी.

एआरएमवरचं विंडोज जुनी एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठीची) सॉफ्टवेअर इम्युलेशननं, म्हणजे नक्कल करून, चालवतं, आणि बरीचशी व्यवस्थित चालतात. पण ड्रायव्हरला ही सोय नाही. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) जाणारा ड्रायव्हर खास एआरएम६४ साठीच लिहिलेला असावा लागतो. तुमचा प्रोग्रॅमिंग अडॅप्टर, लायसन्सचा डोंगल, एखाद्या रिलेची स्वतःची यूएसबी केबल, यांच्या ड्रायव्हरची अशी आवृत्ती निघाली असेलच असं नाही. सॉफ्टवेअर उघडेल, प्रोजेक्ट दिसेल, आणि ऑनलाइन जाता येणार नाही, म्हणजे उपकरणाशी थेट जोडता येणार नाही. शिवाय एक्स८६ विंडोजची व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा संगणक) त्यावर नीट चालवता येत नाहीत, आणि आपलं अर्धं आयुष्य व्हर्च्युअल मशीनमध्येच जातं.

ते का, तेही सांगतो. कंट्रोल सिस्टीम वीस-वीस वर्षं चालतात, लॅपटॉप पाच. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलचा प्रोजेक्ट एकदा नव्या आवृत्तीत नेला की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून प्रत्येक ग्राहकाची आवृत्ती जपून ठेवावी लागते. रॉकवेलच्या स्टुडिओ ५००० ची आवृत्ती कंट्रोलरच्या फर्मवेअरच्या मुख्य आवृत्तीशी जुळावी लागते. सीमेन्सच्याच स्टेप ७ चे जुने प्रोजेक्ट वेगळेच. हे सगळं एकाच विंडोजमध्ये कोंबलं की एक दिवस काहीतरी एकमेकांत अडकतं, आणि तो दिवस नेमका प्लांट बंद असतानाचा असतो. माझ्याकडे प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरचं वेगळं व्हर्च्युअल मशीन आहे आणि प्रत्येकाची प्रत बाहेरच्या एसएसडीवर. लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्यावर ती प्रत उघडायची आणि काम पुढे न्यायचं. अशी मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे, आणि यूएसबी उपकरण आतल्या मशीनला देणं त्यात सोपं जातं. विंडोजच्याच हायपर-व्हीमध्ये तशी सरळ सोय नाही.

याचा अर्थ रॅम ३२ जीबी. एका व्हर्च्युअल मशीनला ८ तरी द्यावे लागतात आणि बाहेरच्या विंडोजला त्याचे हवेच असतात. सोल्डर केलेली रॅम असेल तर पहिल्या दिवशीच ३२ घ्या. स्लॉट असतील तर नंतर वाढवता येते. एसएसडी १ टीबी, शक्यतो बदलता येण्याजोगी. मशीन बंद पडलं तरी ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लॅपटॉपशिवाय दुसरीकडेही असायला हवी. साईटवर रेंज नसताना निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात तेव्हा दुसरा उपाय नसतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या सॉफ्टवेअरसाठी तो लागतोच, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा आणि इंटरनेटला जोडू नका.

धूळवाट

वरचं सगळं मान्य, पण रग्डला इतक्यात बाजूला सारू नका. मी जिथे काम करतो तिथे हवेत कायम धूळ असते. साधा लॅपटॉप पंख्यानं ती आत ओढतो. सिमेंटची धूळ पंखा जाम करते, कार्बनची आणि धातूची तर वीज वाहून नेते आणि बोर्डावर बसते. साध्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. भट्टीजवळच्या एमसीसी (मोटर कंट्रोल पॅनेलच्या) खोलीत ते सहज ओलांडलं जातं. डेल आपल्या रग्डसाठी उणे २९ ते ६३ अंश सांगते.

फक्त जाहिरातीतली अक्षरं नीट वाचा. आयपी ६५ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, ५ म्हणजे थोडी गेली तरी काम अडत नाही. त्यामुळे आयपी ५३ आणि आयपी ६५ यांत माझ्यासारख्याला मोठा फरक पडतो. मिल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी लष्कराची, चाचण्या कशा घ्यायच्या ते सांगणारी पद्धत आहे. कुठली सरकारी संस्था त्याचं प्रमाणपत्र देत नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते, म्हणून बऱ्याच साध्या ऑफिस लॅपटॉपवरही ते नाव दिसतं. पडण्याच्या चाचणीत सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६ वेळा पाडतात, आणि ते २६ पाच नमुन्यांमध्ये वाटून घेता येतात. किती उंचीवरून, चालू असताना की बंद, हे विचारा.

रिलेखोली

धूळवाट, तुमच्या जागी रग्डच हवा, वादच नाही. पण तारजोड यांचं काम पॅनेल रूममधलं जास्त दिसतंय. आणि आयपीचा तो आकडा पोर्टची झाकणं लावलेली असतानाचा असतो. आपण तर केबल लावूनच काम करतो, म्हणजे नेमकी ती झाकणं उघडी. शिवाय पूर्ण रग्ड मशीन तीन किलोच्या आसपास जातं. एका हातावर धरून दुसऱ्या हातानं टाइप करून बघा, दहा मिनिटांत मनगट सांगेल. पॅनेल रूमला मी बिझनेस श्रेणीचाच साधा लॅपटॉप सुचवीन.

धूळवाट

झाकणांचं बरोबर, पण बॅगेतून नेताना, शिडीवर चढताना ती बंदच असतात आणि निम्मे अपघात तिथेच होतात. वजनासाठी पट्टा आणि हँडल असतं. मधला मार्ग म्हणून सेमी-रग्ड बघावा, दोन-सव्वादोन किलोपर्यंत मिळतो. काहींना अस्सल सिरियल पोर्ट आणि चालू असताना बदलता येणाऱ्या दोन बॅटऱ्याही असतात. चार्जर न लावता काम होतं, म्हणजे अर्थबिंदूंनी सांगितलेली अडचण त्यानं आपोआप सुटते.

झोनदोन

एकच मुद्दा, पण जिवाचा आहे. ज्वलनशील वायू किंवा वाफ असू शकते अशा भागात यातला कुठलाही लॅपटॉप चालणार नाही, कितीही रग्ड असला तरी. आयपी आणि मिल या दोन्हींचा स्फोटापासूनच्या संरक्षणाशी संबंध नाही. तिथे एटेक्स किंवा आयईसीईएक्सचं (स्फोटक वातावरणासाठीचं) प्रमाणपत्र असलेलं, त्या झोनसाठीचंच (धोक्याच्या त्या पातळीसाठीचंच) मशीन लागतं. नाहीतर परमिट काढून, वायू मोजून, तो मोजत राहूनच काम करायचं. टाकीचा माथा म्हणालात म्हणून लिहिलं. त्या टाकीत काय आहे ते आधी बघा.

तारजोड (धागाकर्ता)

झोनदोन, टाक्या पाण्याच्याच आहेत, पण आठवण केलीत ते योग्यच. पुढेमागे दुसऱ्या प्रकारची साईट मिळाली तर हे पहिलं विचारीन.

माझं बहुतेक ठरलं. एआरएम नाही. १४ इंची बिझनेस श्रेणीचा लॅपटॉप, आत आरजे-४५, दोन यूएसबी-ए, यूएसबी-सीवर चार्जिंग, रॅमला स्लॉट, ३२ जीबी, मॅट स्क्रीन किमान ४०० निट्स. सोबत आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि १०० वॅट-अवरच्या आतली पॉवर बँक. यार्डातली कामं कमी आहेत, त्या दिवसांसाठी विभागातला रग्ड मागून घेईन. शेवटचं विचारतो: मशीन हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत काय काय तपासावं?

जुनेप्रोजेक्ट

तुमच्या बॅगेतली प्रत्येक केबल लावून प्रत्येक उपकरणाशी ऑनलाइन जाऊन बघा, व्हर्च्युअल मशीनच्या आतून. नुसता ड्रायव्हर बसला म्हणजे झालं असं धरू नका. बिजागरी १८० अंश उघडते का, कीबोर्डच्या फंक्शन की दुसरं बटण न दाबता चालतात का, हातमोजे घालून टचपॅड वागतं का. स्लीपमधून उठल्यावर डोंगल आणि कॉम पोर्ट परत दिसतात का, हे आवर्जून. यूएसबी पोर्टची वीज वाचवण्यासाठी विंडोज ती बंद करतं, ते सेटिंग काढून टाका. चार्जर काढून, चमक पूर्ण ठेवून, दोन व्हर्च्युअल मशीन चालू ठेवून बॅटरी किती जाते ते घड्याळ लावून मोजा.

अर्थबिंदू

आणि पॉवर बँक लावून मशीन खरंच चार्ज होतं का ते. काही लॅपटॉप ६५ वॅटच्या खालचा पुरवठा घेतच नाहीत, काही घेतात पण कामाच्या ओझ्याखाली बॅटरी उतरतच राहते. केबलही तेवढ्या वॅटची हवी.

रिलेखोली

जुना लॅपटॉप लगेच पुसू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरची लायसन्सं डिस्कला किंवा मशीनला बांधलेली असतात. ती लायसन्स मॅनेजरमधून आधी नव्या मशीनवर हलवावी लागतात, फाइल कॉपी करून जात नाहीत. सगळी हलवून झाली, नव्या मशीनवर प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा उघडून बघितलं, की मगच जुनं फॉरमॅट करा. त्याला सिरियल पोर्ट असेल तर फॉरमॅटही करू नका. बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करत जा.